लागूंसारखं मीही प्रॅक्टिस सोडून नाटकात जाऊ का?

साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी विचारलंय की वय चाळिशीला टेकलंय, स्वतःचं क्लिनिक चांगलं चालतंय, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची बक्षिसं मिळालीत, आता पूर्णवेळ अभिनयच करावा असं वाटतंय पण घरचे तयार नाहीत. पुढे त्यांनी लिहिलंय की डॉ. श्रीराम लागू आमच्याच साताऱ्यात जन्मले, तेही डॉक्टर होते, त्यांनी बेचाळिशीत सगळं सोडलं आणि नटसम्राट झाले, मग मी का नाही? आणि शेवटी एक छोटा प्रश्न, गेलोच तर मुंबई का पुणे.

डॉक्टर, मी सांगलीत बरीच वर्षं नाटकं बसवतेय, शिबिरं घेते, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. कधी बँकेतला असतो, कधी शिक्षक, कधी एमआयडीसीतला इंजिनियर, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी लागूंचं नाव असतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तुम्ही विचारताय "सोडू का", पण तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न अडकलेत. माझं काम रोज पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकासमोर उभं राहण्याइतकं झालंय का, हा एक. आणि ते झालं असेल तर माझं घर ते पेलेल का, हा दुसरा. दुसऱ्यावर मी फार बोलू शकत नाही कारण तुमच्यावर कर्ज किती, मुलं कितवीत, बायको कमावते का, आईवडील कुणाकडे, यावर सगळं आहे, ते तुम्हालाच माहीत. पहिल्यावर मात्र बोलता येईल, आणि लागूंचं उदाहरण तिथेच कामाचं आहे, फक्त ते अर्धं सांगितलं जातं.

अर्धं म्हणजे कसं, तर एक सर्जन होता, एक दिवस त्याला वाटलं बास झालं आणि तो रंगभूमीवर आला. असं झालेलं नाही. लागूंचा जन्म १९२७चा, साताऱ्यातला. पुढचं शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. नाटक कॉलेजातच सुरू झालं. नंतर ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात काही वर्षं प्रॅक्टिस केली, आणखी शिकायला कॅनडा आणि इंग्लंडला गेले, साठच्या दशकात टांझानियात टबोरा इथेही काम केलं. आणि हे सगळं चालू असताना १९५०च्या दशकातच भालबा केळकरांसारख्या मंडळींबरोबर त्यांनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली होती, जिला सगळे पीडीए म्हणतात, आणि मुंबईच्या रंगायन या प्रायोगिक नाट्यसंस्थेशीही त्यांचा संबंध होता. वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' पीडीएने केलं त्यात लागू होते. आता बघा, कानेटकर मूळचे तुमच्या साताऱ्यातल्या रहिमतपूरचे, शिकले आमच्या सांगलीच्या विलिंग्डनमधे. १९६९ला लागू पूर्णवेळ व्यावसायिक रंगभूमीवर आले ते 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकातून, आणि ते नाटकही कानेटकरांचंच. म्हणजे ज्या लेखकाचं नाटक हौशी असताना केलं त्याच लेखकाच्या नाटकाने दहा-बारा वर्षांनी व्यावसायिकचं दार उघडलं.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९६९ला लागूंनी अभिनय सुरू केला नाही, १९६९ला त्यांचं शिक्षण पुरं झालं होतं. जवळजवळ वीस वर्षं ते दोन्ही करत होते, रात्री तालीम आणि सकाळी पेशंट, आणि त्या वीस वर्षांत त्यांनी चांगले लेखक, चांगले दिग्दर्शक, वाद घालणारे सहकारी जोडले होते. नोकरी किंवा प्रॅक्टिस सोडताना माणूस काय सोडतोय हे सगळे विचारतात, पण तो कुणाकडे जातोय हे कुणी विचारत नाही. तुमच्याबाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारीन. तुम्ही उद्या मोकळे झालात तर तुम्हाला कोण फोन करेल? एखादा लेखक आहे का जो लिहिताना तुमचा विचार करतो? एखादा दिग्दर्शक आहे का ज्याच्याबरोबर तुम्ही चार-पाच नाटकं केलीत आणि ज्याने तुम्हाला अपयशातही बघितलंय? असे दोन जरी असतील तर बोलणं पुढे जाईल.

आता काळाचा फरक. सत्तरच्या दशकात व्यावसायिक रंगभूमी म्हणजे चालता धंदा होता. गोवा हिंदू असोसिएशन, नाट्यसंपदा, चंद्रलेखा अशा संस्था नाटकं काढत होत्या, दौरे लागायचे, पुणे-सातारा-सांगली-कोल्हापूर करत गोव्यापर्यंत बस जायची, नाटकाच्या नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, संसार चालवणारे नट होते. आज नाटकं येतात, चांगली येतात, पण प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात आणि मोजक्या नावांवरच बुकिंग होतं. पोट भरतं ते मालिकांवर. तिथे बारा-तेरा तासांची शिफ्ट, आणि पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात, हे आधीच हिशोबात धरा. दुसरीकडे एक फायदा असा झालाय जो लागूंना नव्हता, तो म्हणजे काम आपल्याकडे येतंय. 'लागिरं झालं जी' साताऱ्याच्या आसपास शूट झाली तेव्हा इकडच्या हौशी मंडळींना कामं मिळाली. वाई-मेणवलीला तर सिनेमावाले कधीपासून येतायत. साताऱ्यातल्या नटाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आज लगेच अंधेरीत खोली घ्यावी लागत नाही.

परत लागूंकडे येते, कारण १९७० साल नीट बघण्यासारखं आहे. त्या एका वर्षात त्यांनी दोन टोकाची कामं केली. एक विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे', लागूंनी स्वतः दिग्दर्शित केलेलं. हिंसा, शिवीगाळ, घरातल्याच माणसांनी एकमेकांना ओरबाडणं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला झेपणारं नव्हतं. सेन्सॉरने साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर आक्षेप घेतला तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि हा निळा डाग लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगून प्रयोग झाला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे शिरवाडकरांचं 'नटसम्राट', गोवा हिंदू असोसिएशनचं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०. म्हणजे पूर्णवेळ नट झाल्यावर हा माणूस फक्त चालणाऱ्या नाटकांमागे गेला नाही, अंगावर येणारं नाटकही त्याने सोडलं नाही, आणि पुढेही तसंच चालू राहिलं. कानेटकरांचं 'हिमालयाची सावली' एकीकडे, गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' दुसरीकडे.

नटसम्राटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यातच तुमच्यासाठी खरी परीक्षा दडलीय. गणपतराव बेलवलकर हे काम लोकांना आठवतं ते मोठ्या स्वगतांमुळे, आणि शिबिरात येणारा प्रत्येक दुसरा मुलगा तीच स्वगतं पाठ करून येतो आणि सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत लावतो. लागूंचं काम ऐकाल तर कळेल की ते आवाजाच्या जोरावर नाही, विचाराच्या जोरावर उभं आहे. वाक्य कुठे मोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द टाकायचा आणि कुठला उचलायचा, हे आधी डोक्यात ठरलंय आणि मग ते आतून आल्यासारखं वाटतं. पण त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. ते काम एकदा करायचं नव्हतं. आज सांगली, उद्या कोल्हापूर, परवा आणखी कुठे, प्रत्येक रात्री तोच बाप, तीच मुलं, तोच अपमान, आणि प्रत्येक रात्री तो पहिल्यांदाच झाल्यासारखा वाटला पाहिजे. त्या भूमिकेने शरीर आणि मन किती ताणलं जातं हे त्यांनी लपवलं नाही. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा ताकदीच्या नटांनी तीच भूमिका केली, प्रत्येकाची वेगळी, पण कस प्रत्येकाचा लागला.

आता आपलं राज्य नाट्य बघा. मी स्पर्धेला नाटकं नेलीत, त्या स्पर्धेबद्दल मला प्रेमच आहे, आमच्या भावे नाट्यमंदिरात स्पर्धेच्या दिवसांत जो माहोल असतो तो मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण स्पर्धेचा नट एका प्रयोगासाठी तयार होतो. दोन-तीन महिने तालीम, एक प्रयोग, फार तर अंतिमला गेलो तर दुसरा, आणि सेट गोडाऊनला. त्या एका रात्री सगळं जुळून आलं तर बक्षीस मिळतं आणि ते खोटं नसतं, पण त्यातून तुम्ही पंचविसाव्या प्रयोगाला कसे असाल हे कळत नाही. माझ्या अनुभवात चांगले चांगले हौशी नट सातव्या-आठव्या प्रयोगाला ढेपाळतात. काहीजण टाळीची जागा सापडली की तिथेच रेंगाळतात, काहींचं समोरच्याचं ऐकणंच बंद होतं, नुसती वाक्यं येतात. काहींचा घसा बसतो कारण श्वास पोटातून घ्यायची सवयच नाही. आणि काहीजण चक्क कंटाळतात, त्यांना नवीन नाटक हवं असतं. हा कंटाळा आला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला नाटक करायला आवडतं पण नटाचा व्यवसाय आवडेलच असं नाही.

म्हणून माझं सांगणं असं की क्लिनिक सोडायच्या आधी तुमचं एखादं नाटक, मोठं नसलं तर दीर्घांक, कमी सेटचं, चार-पाच पात्रांचं, ते घेऊन एक हंगामभर फिरा. कराड, वाई, फलटण, कोरेगाव, इकडे इस्लामपूर, विटा, तासगाव, मिरज. गणपतीतली मंडळं, कॉलेजं, जिथे हॉल नसेल तिथे शाळेच्या स्टेजवर. वीस-पंचवीस प्रयोग झाले की तुमचे तुम्हालाच उत्तर मिळेल, आणि मला विचारायची गरजही राहणार नाही. माईक बंद पडलेला, समोर पोरं रडतायत, मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, तरी तुम्ही सीन धरून ठेवलात आणि घरी येताना गाडीत झोपायच्या ऐवजी त्या सीनवरच बोलत बसलात, तर तुमच्यात काहीतरी आहे. आणि हे सगळं प्रॅक्टिस चालू ठेवून जमतं, फक्त संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून दोन-तीन दिवस दुसऱ्या डॉक्टरकडे द्यावी लागेल. तेवढंही द्यायला जीव होत नसेल तर मग सगळी प्रॅक्टिस सोडणं दूरच राहिलं.

सिनेमाचं थोडक्यात सांगते कारण तुम्ही नाटकाबद्दल जास्त विचारलंय. लागूंना व्ही. शांतारामांनी 'पिंजरा'त घेतलं, १९७२, तिथे ते आदर्श मास्तर, आणि पुढे 'सामना'त परत मास्तरच, पण पूर्ण मोडलेला, दारूत बुडालेला. हे दोन मास्तर एका पाठोपाठ एक बघा, मी शिबिरात नेहमी सांगते. 'सामना' तर आपल्या भागातल्या माणसाला जास्त भिडतो, साखर कारखाना, गावावर पकड असलेला हिंदुराव आणि त्याला एकच प्रश्न विचारत राहणारा उपरा माणूस. लागूंसमोर हिंदुराव म्हणून निळू फुले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला खाऊन टाकायला जात नाही, दोघेही समोरच्याचं ऐकून बोलतात, त्यामुळे तो सिनेमा आजही जुना वाटत नाही. हिंदीत लागूंनी पुष्कळ कामं केली, त्यातली बरीच त्यांच्या ताकदीची नव्हती असं माझं मत आहे, पण 'घरौंदा'मधलं काम, ज्याला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, आणि मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक', हे जरूर बघा. पूर्णवेळ नट झालं की मनासारखी नसलेलीही कामं करावी लागतात, लागूंनाही करावी लागली, हे घरी बोलताना लपवू नका.

निळूभाऊंचं नाव आलंच आहे तर, त्यांनी पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम केलं. तिथून सेवादलाच्या कलापथकातून आणि 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या लोकनाट्यातून ते पुढे आले. त्यांच्यामागे सर्जनची डिग्री नव्हती. लागूंकडे ती होती, आणि काही कारणाने नाटकात जमलं नसतं तर ते परत दवाखाना उघडू शकले असते. तुमच्याकडेही ती सोय आहे. ही सोय असणं कमीपणाचं नाही, उलट तिच्यामुळेच तुम्ही वाईट कामाला नाही म्हणू शकता.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. लागूंच्याच बी. जे. मेडिकलमधून आलेले दोन डॉक्टर आहेत ज्यांची उदाहरणं कुणी देत नाही. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला प्रॅक्टिस करत होते, आणि त्याच काळात त्यांनी १९७२ला 'घाशीराम कोतवाल' बसवलं आणि मग 'सामना' केला. दौंडहून पुण्याला तालमीला यायचे. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, बी. जे.मधेच शिकवत होते, आणि घाशीराममधला त्यांचा नाना फडणवीस जगभर गेला. आगाशेंनी मानसोपचार कधी सोडला नाही. म्हणजे एकाच कॉलेजचे तीन डॉक्टर, त्यातल्या एकाने पूर्ण सोडलं, दोघांनी आपापल्या पद्धतीने दोन्ही सांभाळलं, आणि मराठी रंगभूमीला तिघांचाही तेवढाच उपयोग झाला. मग लागूंचाच रस्ता खरा आणि बाकी अर्धवट असं कसं म्हणायचं? पूर्णवेळ असणं ही कामाची गरज असू शकते, ती कुणाच्या निष्ठेची मोजपट्टी नाही. बेलवलकर आठवड्यात चार गावांत उभा करायचा असेल तर दवाखाना चालणार नाही, हे सरळ आहे. पण तुमच्यासमोर आज तसं काम आहे का? ते समोर आलं की सोडा. काम यायच्या आधी, ते येईल म्हणून सोडू नका.

साताऱ्याचेच म्हणून आणखी एक डॉक्टर आठवतात, डॉ. नरेंद्र दाभोलकर. मिरजेत शिकले, साताऱ्यात प्रॅक्टिस केली आणि मग अंधश्रद्धा निर्मूलनासाठी ती थांबवली. लागू आणि ते एकत्र व्यासपीठावर यायचे, लागू उघडपणे देव नाकारणारे, दाभोलकर चळवळीची भूमिका वेगळी मांडणारे, आणि दोघे लोकांसमोर त्यावर बोलायचे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू आणि निळूभाऊंसारखे मोठे नट 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. मी हे मुद्दाम सांगतेय कारण लागूंचा अभिनय आणि त्यांचा विचार वेगवेगळा काढता येत नाही. वयाच्या सत्तरीत त्यांनी 'सूर्य पाहिलेला माणूस'मधे सॉक्रेटिस केला तेव्हा त्या वाक्यांमागे आयुष्यभर प्रश्न विचारणारा माणूस होता. 'लमाण' हे त्यांचं आत्मचरित्र तुम्ही वाचलं नसेल तर आधी वाचा, प्रॅक्टिस सोडण्याचा प्रसंग तेवढा नाही, त्याच्या आधीची पानं सावकाश वाचा.

वयाबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय, ते मनातून काढून टाका. चाळिशीतल्या नटाला हिरोचं काम मिळत नाही, बाकी सगळं मिळतं, आणि बाप, मोठा भाऊ, सरपंच, डॉक्टर, वकील ही कामं मालिकांत सतत लागतात. उलट डॉक्टर म्हणून तुम्ही माणसं इतक्या जवळून पाहिलीत की वाईट बातमी ऐकताना माणूस खरंच काय करतो हे तुम्हाला माहितीय. बहुतेक नट तिथे ओरडतात. तुम्हाला माहितीय की बरेच लोक आधी बिलाचं विचारतात, किंवा चप्पल शोधत बसतात. ते कामात आणा.

घरच्यांशी बोलताना लागूंचं नाव काढू नका एवढी विनंती. त्यांना नटसम्राट नकोय, त्यांना हप्ता कसा जाणार ते हवंय. किमान दोन वर्षांचा खर्च बाजूला काढलाय, क्लिनिक बंद न करता अर्धवेळ दुसऱ्याकडे देतोय, अमुक महिन्याला परत बसून ठरवू, असं कागदावर लिहून दाखवा. माझ्याकडच्या ज्यांचं निभावलं त्या सगळ्यांच्या घरात हे बोलणं आधी झालं होतं, काहींच्या घरात भांडून झालं, पण झालं.

आणि मुंबई का पुणे, तर आधी पुणे. साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर आहे, रात्री उशिरा परत येऊन सकाळी ओपीडी करता येते. तिथे प्रायोगिक नाटकं करणारे गट भरपूर आहेत, सुदर्शन रंगमंचला किंवा भरत नाट्य मंदिरात जाऊन आधी बघायला सुरुवात करा, प्रयोगानंतर थांबा, लोकांशी बोला, लगेच काम मागू नका. वर्षभर तिथे दिसत राहिलात आणि कुणी एखादी दहा मिनिटांची भूमिका दिली तरी घ्या. मालिकांची ऑडिशन आता फोनवर व्हिडिओ पाठवून होते, त्यासाठी मुंबईला राहायची गरज नाही, निवड झाली आणि महिन्याला पंधरा-वीस दिवसांचं काम पक्कं झालं की मग खोलीचं बघा. तुमच्या नाटकाचा कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठे प्रयोग लागला तर मला कळवा, पहिला नको, दहावा-बारावा कळवा, मी येते.